शाफ्ट दोन बोटं कमी

अबुधाबीत आमच्याकडे एक गाडी होती, जी माझे सासरे मागच्या सीटवर बसल्याशिवाय हलत नसे.

हे वाक्य मी आजवर एका पोलिसासमोर, एका मेकॅनिकसमोर आणि बायकोसमोर उच्चारलं आहे. तिघांनीही मला ते पुन्हा एकदा, सावकाश म्हणायला लावलं. तेव्हा सुरुवातीपासूनच सांगतो.

गाडी अमेरिकन, वयाने जवळजवळ माझ्याएवढी. रंग लाल, दरवाजे दोनच, आणि बॉनेट एवढं लांब की वळणावर आधी ते वळायचं आणि मग सावकाश आम्ही. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियरकडून मी ती सात हजार दिरहमला घेतली.

"सात हजार? म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपये!" नीलिमा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "तीस वर्षं जुन्या लोखंडाला?"

"याला क्लासिक म्हणतात."

"आमच्याकडे याला भंगार म्हणतात." (आमच्याकडे म्हणजे तिच्या माहेरी. तिचे वडील तंत्रशाळेत तीस वर्षं वर्कशॉप शिकवून निवृत्त झाले होते. त्यामुळे लोखंडाविषयी त्या घराण्याची मतं ठाम असत.)

गाडीत दोष एकच होता. तिला गियर चारच, आणि दुबईच्या हायवेवर शंभरच्या पुढे गेलं की इंजिन असं काही किंचाळायचं की शेजारी बसलेल्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसायचे. एकदा शारजाहून परतताना नीलिमा ओरडली, "अहो, सई राहिली!" मला ऐकू आलं, "सई झोपली." मी म्हटलं, "झोपू दे." आमची अकरा वर्षांची सई मागे पेट्रोल पंपावर उभी होती! हे मला आठ किलोमीटरनंतर कळलं. परत गेलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, यू फरगॉट मी. सो आय हॅड अनदर आइस्क्रीम."

घरी आल्यावर नीलिमाने अट घातली. "पुढच्या शुक्रवारी अण्णा येतायत. दुबईला उतरतील. तिथून घरी येईपर्यंत या गाडीत माणसांसारखं बोलता आलं, तर गाडी राहील. नाहीतर विकायची. खलास."

नीलिमा 'खलास' म्हणाली की विषय संपतो. आणि मला ती गाडी फार आवडायची. मी एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या भिंती, पायऱ्या आणि खिडक्या मोजायचा पगार घ्यायचो. अशा माणसाला आयुष्यात एखादी तरी लाल गोष्ट लागते.

उपाय ऑफिसातल्या एका गाडीवेड्याने सांगितला. ओव्हरड्राइव्ह! म्हणजे जुना गियरबॉक्स काढून पाच गियरचा बसवायचा. पाचव्या गियरमध्ये चाकं पूर्वीइतकीच धावतात, इंजिन मात्र रमतगमत फिरतं. (आमच्या कंपनीत आम्ही आणि आमचे साहेब यांची व्यवस्था थोडीफार अशीच होती.) हे काम करावं तर शारजापलीकडच्या उम्म अल कुवैनच्या इस्माइलभाईंनी, असंही तो म्हणाला. इस्माइलभाई मूळचे कोकणातल्या खेडचे, वीस वर्षांपासून तिथल्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेज चालवणारे. मी गुरुवारची रजा टाकून गाडी घेऊन गेलो. अण्णा दुसऱ्या दिवशी उतरणार होते.

गाडी खड्ड्यावर उभी होती आणि इस्माइलभाई खाली, खड्ड्यात. आतून आवाज आला, "साहेब, नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब हाय. मागचा शाफ्ट कापायला लागेल." शाफ्ट म्हणजे गियरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लोखंडी दांडा. तो नसेल तर इंजिन नुसतंच ओरडतं.

"किती कापायचा?"

खड्ड्यातून एक काळाकुट्ट हात वर आला. त्याची दोन बोटं उभी होती. "दोन बोटं कमी करून आणा. बाजूच्या गल्लीत खानचं लेथ मशीन हाय. यल्ला, लवकर करा, मला रात्रीचं विमान पकडायचंय. पोरीचं लगीन हाय गावाला."

माझ्या खिशात पाच मीटरची टेप होती. नेहमीच असते. पण गॅरेजमध्ये टेप काढणारा माणूस नवखा दिसतो, अशी माझी समजूत. मी शाफ्ट खांद्यावर टाकला आणि निघालो.

खान म्हणजे सहा फुटी पठाण. "कितना काटना है, साहब?"

"दो उंगली."

"इंच बोलो, सेंटीमीटर बोलो. उंगली क्या होता है?"

"दो उंगली!" मी जाणकाराच्या आवाजात सांगितलं.

खानने आधी स्वतःच्या पंजाकडे पाहिलं, मग माझ्या. "मेरी या आपकी?"

"मेरी."

त्याने माझं बोट धरलं, शाफ्टवर आडवं न ठेवता लांबीने झोपवलं आणि नखापाशी खडूची खूण केली. तिथून पुढे ते पुन्हा झोपवलं आणि दुसरी खूण केली. "इतना?"

मला ते जरा जास्त वाटलं. पण नुकताच एवढ्या अधिकाराने बोललो होतो. "बिलकुल," मी म्हणालो. खानने मधला भाग कापून काढला, उरलेलं जोडलं आणि शाफ्ट माझ्या खांद्यावर परत ठेवला.

शाफ्ट बसवताना इस्माइलभाई थबकले. "साहेब, नीट मोजलात ना? काठावरच बसतोय. दाते कसेबसे धरतायत."

"इस्माइलभाई," मी म्हणालो, "मोजणं हा माझा धंदा आहे!"

त्यांनी जुना गियरबॉक्स माझ्या डिकीत चढवला, गॅरेजला कुलूप लावलं आणि महिनाभरासाठी खेडला गेले.

परतीचा प्रवास काय वर्णावा! पाचवा गियर टाकला आणि गाडी गप्प झाली. मला स्वतःचं गुणगुणणं ऐकू आलं. (ते बेसूर आहे हे मला त्या दिवशी कळलं.) दुसऱ्या दिवशी सकाळी नीलिमा म्हणाली, "डिकीतलं ते धूड काढा, अण्णांचं सामान कुठे ठेवणार?" मी जुना गियरबॉक्स काढून स्टोअरमध्ये ठेवला, गाडीत बसलो, पहिला गियर टाकला. इंजिन फिरलं, गाडी जागच्या जागी. दुसरा टाकला, तिसरा टाकला, पाचवाही टाकला. अबुधाबी शहराबाहेरच्या खलिफा सिटीतल्या आमच्या त्या अर्धवट वस्तीत फक्त आवाज घुमला.

तेवढ्यात नीलिमा आणि सई मागे येऊन बसल्या, कारण पुढची सीट अण्णांसाठी ठेवायची होती. खालून 'टक्' असा आवाज झाला आणि गाडी निघाली! जी गोष्ट आपोआप सुटते तिच्यावर चर्चा करू नये.

दुबईच्या विमानतळावर अण्णा भेटले. गृहस्थ उंचीने बेताचे आणि वजनाने शंभराला दोन कमी. नातीच्या कौतुकाने त्यांनी सईला पुढे बसवलं आणि स्वतः लेकीशेजारी मागे बसले. दोन दरवाज्यांच्या गाडीत मागे शिरायचं म्हणजे पुढची सीट वाकवून, डोकं आधी की पाय आधी याचा निर्णय घेऊन मग श्वास सोडायचा. अण्णांना चार मिनिटं लागली. पण घरी येईपर्यंत बाप-लेकीने मनसोक्त गप्पा मारल्या. उतरताना नीलिमा म्हणाली, "ठीक आहे. राहू दे गाडी."

अट पुरी झाली! आणि शनिवारी सकाळी ऑफिसला निघालो तर गाडी हलेना.

आता मला कोडं उलगडलं. मागे वजन पडलं की गाडीचं बूड दबतं आणि शाफ्ट जेमतेम धरतो. वजन गेलं की सुटतो. इस्माइलभाई महिनाभर नाहीत. दुसऱ्या गॅरेजात गाडी टाकली तर नीलिमा विचारणार, काल तर चालत होती! मागे तांदळाची पोती ठेवावीत तर पोत्यांबद्दल प्रश्न येणार. सासऱ्यांबद्दल कोण विचारतंय?

"अण्णा," मी म्हणालो, "माझं ऑफिस बघायला येता?"

अण्णा आले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी ते साडेसहालाच इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात तयार होते. दिवसभर ते आमच्या रिसेप्शनवर बसून वर्तमानपत्र वाचत आणि चहावाल्या केरळी माणसाला ड्रिल मशीनची निगा समजावून सांगत. पुढे बसायचं म्हणाले की मी म्हणायचो, "पुढे ऊन लागतं, अण्णा." मग ते निमूटपणे वाकून, श्वास सोडून मागे शिरत. घरी फोनवर मी त्यांना साताऱ्याच्या मुलाशी बोलताना ऐकलं, "अरे, मिलिंदराव मला क्षणभर सोडत नाहीत! किराणा आणायला गेले तरी म्हणतात, अण्णा, चला. सख्खा मुलगा असं करत नाही." (सख्ख्या मुलाची बहुधा जपानी गाडी होती.)

हे ऐकून त्यांना सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण सकाळी ऑफिस होतं.

तीन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी आम्ही सगळे अबुधाबी शहरात गेलो, नीलिमा पुढे, अण्णा आणि सई मागे. अण्णांना भट्टीतून निघणारे गरम खुबूस, म्हणजे तिथल्या अरबी रोट्या, बघायचे होते, म्हणून बेकरीसमोर, दुसऱ्या गाड्यांना अडवून, मी पाच मिनिटं गाडी लावली. अण्णा आत गेले. पाठोपाठ पोलीस आला.

"यल्ला, यल्ला! मूव्ह!"

"काढा ना गाडी," नीलिमा म्हणाली.

"अण्णा येऊ देत."

"एक चक्कर मारून येऊ. अण्णांचा काय संबंध?"

"आहे संबंध," मी म्हणालो. सात-आठ हॉर्न एकदम वाजू लागले. पोलीस खिडकीत वाकला.

"व्हॉट प्रॉब्लेम?"

"सर, माय फादर-इन-लॉ. ही मस्ट सिट इन द बॅक. देन ओन्ली कार विल गो."

इथे ते वाक्य मला पुन्हा म्हणावं लागलं. तेवढ्यात अण्णा खुबूसची पिशवी घेऊन आले, वाकले, शिरले, बसले. टक्! गाडी फूटभर पुढे सरकली.

"थांबा!" अण्णा ओरडले. तीस वर्षांचा वर्कशॉप मास्तर त्यांच्यात जागा झाला होता. ते धडपडत बाहेर आले आणि रस्त्यावर उकिडवे बसून गाडीखाली पाहू लागले. "आता चालवा." इंजिन गर्जलं, गाडी ढिम्म. अण्णा पुन्हा आत शिरले. "आता." गाडी फूटभर पुढे. पुन्हा बाहेर. टॅक्सीवाले जमले. सईने सीटखाली डोकं लपवलं. "धिस इज सो एम्बॅरसिंग!" हॉर्न थांबले, कारण हॉर्नवाले उतरून पाहायला आले होते.

चौथ्यांदा उतरणाऱ्या अण्णांच्या खांद्यावर पोलिसाने अदबीने हात ठेवला. "बाबा, यू सिट. नो गेट आउट. खलास."

गाडी निघाली. अण्णांनी निकाल दिला, "शाफ्ट आखूड आहे. निदान चार इंच."

"म्हणजे," नीलिमा एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "तीन आठवडे तुम्ही माझ्या वडिलांना वजन म्हणून फिरवत होतात?"

मी आरशात पाहिलं. अण्णा खुबूसची पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटलं, सोबत हवी असते तुम्हाला," ते एवढंच म्हणाले. मला इतकी लाज वाटली की पोलिसाने अटक केली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "अण्णा, चुकलो." त्यांनी खुबूसच्या पिशवीला गाठ मारली. नीलिमा म्हणाली, "इस्माइलभाई आले की गाडी दुरुस्त करायची. मग ठेवायची की विकायची, ते अण्णा ठरवतील."

तीन दिवसांनी, गुरुवारी, इस्माइलभाई परतले आणि आम्ही सगळे उम्म अल कुवैनला पोचलो. अर्थात अण्णा मागे. इस्माइलभाईंनी शाफ्ट काढला आणि कपाळावर हात मारला. "साहेब, मी दोन बोटं सांगितली!"

"दोनच कापली."

"उभी? अहो, बोटं आडवी मोजतात! आख्ख्या कोकणात आडवी! भातात दोन बोटं पाणी घालतात ते काय उभ्या बोटांनी?"

"स्वर्ग दोन बोटं उरतो," अण्णा म्हणाले, "तोही आडवीच." तीन दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

खानला बोलावलं. त्याने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "उंगली तो साहब की थी."

मग अण्णांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, माझ्या खिशातली टेप काढून घेतली आणि खड्ड्यात उतरले. दोन तास ते आणि इस्माइलभाई खाली होते. खानने नव्या नळीचा शाफ्ट बनवला आणि अण्णांनी तो तीनदा मोजून पास केला. वर आले तेव्हा नाकाला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा खुलला होता. "गाडी उत्तम आहे," त्यांनी जाहीर केलं. "विकायची नाही. दोष गाडीत नव्हताच."

परतीला अण्णा पहिल्यांदाच माझ्या शेजारी, पुढे बसले. मी पाचवा गियर टाकला. गाडी अशी शांत की मागे झोपलेल्या नीलिमाचा श्वास ऐकू यावा. शारजा मागे पडलं आणि अण्णा माझ्याकडे वळले.

"मिलिंदराव, आता आपण मोजमाप या विषयाला पहिल्यापासून सुरुवात करू. फूटपट्टी म्हणजे काय?"

पुढे दीड तासाचा रस्ता होता. फूटपट्टी झाली, टेप झाली, कॅलिपर झाला, मायक्रोमीटरचे भाग झाले. प्रत्येक भागानंतर तोंडी परीक्षा. एकही शब्द ऐकायचा राहत नव्हता! "आता शून्याची चूक म्हणजे काय, ते तुम्ही सांगा," अण्णा म्हणाले. मी क्लच दाबला आणि पाचव्यावरून चौथ्यावर आलो. मग हळूच तिसऱ्यावर. इंजिन पूर्वीसारखं किंचाळू लागलं.

"बाबा!" मागून सई ओरडली. "यू आर इन थर्ड!"

"काय?" मी म्हणालो. "काही ऐकू येत नाही!"