एक्समध्ये कोण आहे?

प्रोग्रॅम लिहिताना माणसांच्या संख्येला नुसतं ‘एक्स’ नाव देताना तुमचा हात कधी अडखळला आहे का?

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या हजेरीचा आणि दूधवाटपाचा संगणक प्रोग्रॅम सुलभाताई लिहितात. काल त्यांनी त्यातला जुना ‘एक्स’ खोडला आणि तिथे मराठीतच टाइप केलं: दूध_न_मिळालेल्या_मुली.

“एवढं लांब नाव, ताई? एक्स काय वाईट होता?” मी विचारलं.

“एक्स कितीही वाढला तरी अधीक्षक साहेबांना झोप लागते गं. आता लागते का बघू.”

एक्ससारखं व्हेरिएबल म्हणजे आकडा ठेवायची जागा, एवढंच मी शिकले होते. त्या जागेत आता मला रिकामे पेले धरून उभ्या असलेल्या मुली दिसल्या. रोजच्या अहवालावर हेच नाव छापलं जाईल, आणि अधीक्षकांना ते वाचूनच सही करावी लागेल.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये असा एक्स असेल, तर त्यात कोण आहे ते आजच विचारा आणि तसं लिहा.