पुस्तकात नसलेला शेवट

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी पास झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पुढं लिहायचं काम पडलंच नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगते? — तुम्ही कोण ते मला माहीत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसापुढं माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. चार बाया जमल्या की मी खांबामागं बसणार, हे ठरलेलं.

पण वाचायला मला छान यायचं. समोर पुस्तक असलं की माझा आवाज कापत नसे. शब्द माझे नसत ना! दुसऱ्याचे शब्द बोलायला कसली भीती?

आमच्या गल्लीत वकिलांच्या पत्नी होत्या. त्यांना सगळे काकी म्हणायचे. हिंगोलीत तेव्हा कचेरीपासून शाळेपर्यंत सगळा कारभार उर्दूत, मराठी पुस्तक क्वचितच नजरेला पडायचं. काकींचा भाऊ अकोल्याला होता, तो दर महिन्याला एक पुस्तक वाशीमच्या मोटारीनं पाठवी. काकींना वाचनाचं भारी वेड, आणि नेमका त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माझं माहेर वऱ्हाडातलं, शाळा मराठीतून झालेली, हे त्यांना कळलं आणि त्यांनी मला बोलावणं धाडलं.

दुपारी पुरुष कामावर गेले की त्यांच्या ओसरीवर आम्ही जमायचो. बाकीच्या बाया देवासाठी कापसाच्या वाती वळायच्या, मी वाचायची. महिनाभरात पुस्तक संपायचं. संपलं की काकींचा एक नेम होता. त्या पानाचं तबक घेऊन बसायच्या आणि प्रत्येकीला विचारायच्या, "बोल, कसं वाटलं?" जी आपलं मत सांगेल तिला लवंग टोचलेला विडा. जी सांगणार नाही तिला नुसतं सुपारीचं खांड. अख्खं पुस्तक मी वाचलेलं, घसा माझा बसलेला, आणि माझ्या वाट्याला दर महिन्याला खांडच! "आमची सुभद्रा वाचते, मत मात्र पदरात बांधून घरी नेते," असं काकी हसून म्हणायच्या. मीही हसायची.

तेलाचं दुकान असलेल्या अनसाबाईंना विडा पहिला मिळायचा. त्यांचं मत एकच असायचं, नवरा कसा चुकला ते. कुठलंही पुस्तक असो. राजाची गोष्ट असली तरी म्हणायच्या, "राजा असला म्हणून काय झालं, घरात पाय टिकत न्हाई त्येचा!" आणि सगळी ओसरी हसायची. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. खरंच सुखाचे दिवस होते ते. पण मी त्या दिवसांत काय केलं —

सांगते. जरा थांबा.

ओसरीवर ठकू यायची. डोंगरकडा गावची, कुणब्याची लेक. भाऊ हिंगोलीत कापसाच्या कारखान्यात हमाल होता, त्याच्याकडं राहायची आणि घरोघर दळण दळायची. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला तो परतला नव्हता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ठकूला अक्षरओळख नव्हती, पण ऐकायची अशी, की हातातली वात तशीच राहायची.

त्या महिन्याच्या पुस्तकात एक बाई होती आणि तिचा नवरा शहरात गेलेला होता. आता कळलंच असेल तुम्हाला. पहिल्या दिवसापासून ठकू माझ्या पायाशी येऊन बसायला लागली. दुसऱ्या दिवशीचं ऐकायला आदल्या रात्रीच दळण उरकून यायची. शेवटचं प्रकरण आलं. पान उलटलं आणि माझी नजर पुढं धावली. तो येत नव्हता. त्यानं तिकडं दुसरं घर केलं होतं. ती बाई ते ऐकते, उठते, रात्री त्याच्यासाठी दाराची कडी काढून ठेवायची, ते सोडते आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन कामाला जाते. एवढंच. तिथं पुस्तक संपत होतं.

मी ते वाचलं नाही. नजर पानावर ठेवली आणि मनानंच बोलत गेले. तिन्हीसांज झाली, कडी वाजली, दारात तो उभा होता, अंगावरचा सदरा फाटलेला, हातात तिच्यासाठी बांगड्यांचा कागद. मधे एकदा पानही उलटलं. कुणाला काही कळलं नाही.

ठकूची दया आली म्हणून केलं, असं मी मनाला पुष्कळ वर्षं सांगत आले. दया आली होती, ते खोटं नाही. पण तेवढंच होतं का? त्याआधीही मी दोन-तीन पुस्तकांत लहानसहान फेरफार केले होते. कुठं सासूचा एक शब्द मऊ केला, कुठं मरणारं लेकरू वाचवलं. आणि मग बाया जे बोलायच्या ते ऐकत मी खांबामागं बसायची. त्या दिवशी तर काकींनी डोळे पुसले. म्हणाल्या, "बांगड्यांचा कागद! काय सुचलं हो लिहिणाराला." अनसाबाईसुद्धा म्हणाल्या, "आला एकदाचा मेला. पर बांगड्या आणल्या, चला, तेवढं तरी शहाणपण." मी मान खाली घालून सुपारीचं खांड चघळत होते आणि ऊर भरून आला होता. माझे शब्द होते ते! जिला दोन माणसांत बोलता येत नाही, तिचे. — तर ते गोड लागलं मला. खरी चूक तिथं आहे.

ठकूनं मत दिलं नाही. सगळ्या गेल्यावर तिनं मला दारात गाठलं.

"वैनी, पुस्तकात खोटं लिवत असतील का हो?"

मी म्हणाले, "छापलेलं आहे ना. खोटं काहून छापतील?"

"मंग येत असतात म्हणा. उशिरानं का होईना."

मी मान हलवली. हो म्हणून.

तिचा भाऊ तेव्हा तिचा पाट लावायच्या, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायच्या खटपटीत होता, हे मला ठाऊक होतं. हे लपवू नये. स्थळ शिरड शहापूरचं होतं. दत्तराव नावाचा शेतकरी, पहिली बायको वारलेली, बोलायला साधा, लेकराबाळांत रमणारा. ठकूनं त्याला लांबून पाहिलं होतं आणि तिला तो वाईट वाटला नव्हता. हेही तिनंच मला सांगितलं होतं, हसत, दळणाची टोपली उतरवता उतरवता. होकार तेवढा द्यायचा राहिला होता. दत्तरावानं लुगड्या-चोळीला आणि जेवणावळीला म्हणून पैसे भावाच्या हातात दिले होते आणि भावानं ते आधीच घराच्या छपराला पत्रे घालण्यात खर्चून टाकले होते.

पुस्तक संपल्याच्या आठवड्यात ठकूनं नकार दिला. "मालक येतील," म्हणाली.

भावानं आदळआपट केली, मारलंसुद्धा. ठकू म्हणाली, "माझ्यापायी मोडलं, मी फेडते." आणि दळायला लागली. आधी चार घरचं दळायची, ती दहा घरचं दळायला लागली. दत्तरावाचं पुढं दुसरीकडं जमलं. तो बाजाराला आला की ठकू त्याला जमेल तेवढे निजामाचे हाली रुपये द्यायची आणि तो म्हणायचा, "असू द्या हो, तकलीफ करून घेऊ नगा." मी हे सगळं पाहत होते. पाहत होते आणि दर महिन्याला पुस्तक वाचत होते. त्यानंतर मात्र एक शब्दही इकडचा तिकडं केला नाही. त्यानं काय होणार होतं?

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? मलाही माहीत आहे. शब्द जिभेवर यायचे आणि मी तिला विचारायची, "चहा घेतेस?"

मग मी एक पळवाट काढली. ठकूला अक्षरं शिकवायला घेतली. लोकांना वाटलं, केवढं मन! काकींनी मला शाबासकी दिली. खरं सांगू का? मला वाटलं, ती वाचायला शिकली की ते पुस्तकच तिला सांगेल. मला सांगावं लागणार नाही. पुस्तक काकींच्या कपाटात होतंच. ठकू जात्यावर बसल्या बसल्या पिठात बोटानं अक्षरं गिरवायची. हुशार होती. तीन-चार वर्षांत जोडाक्षरांसकट वाचायला लागली. मधे हैदराबादहून कुणीतरी सांगत आलं, की तिच्या नवऱ्यानं तिकडं बिऱ्हाड केलंय, दोन पोरं आहेत. ती दोन दिवस दळायला आली नाही, तिसऱ्या दिवशी आली.

निजामाचं राज्य जाऊन थोडे दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. गडबडीत मोटारी बंद होत्या, नवं पुस्तक आलं नव्हतं. काकी म्हणाल्या, जुन्यातलंच काढू, आणि या खेपेला ठकू वाचेल. ठकूनं कपाटातून नेमकं तेच काढलं.

महिनाभर ती वाचत होती आणि मी वाती वळत होते. एकही वात सरळ झाली नाही. शेवटच्या दिवशी तिनं पान उलटलं, आणि थांबली. मग पुढं वाचलं. कडी, टोपली, सगळं. तिचा आवाज हलला नाही. वाचून झालं.

अनसाबाई म्हणाल्या, "आँ? ह्यो तर आला हुता की! बांगड्या घिऊन!"

काकीही म्हणाल्या, "मलाही तसंच आठवतंय गं."

ठकूनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. आत्ता बोलावं — आत्ता, या क्षणी — असं मला वाटलं, आणि मी कापूस पिंजत राहिले.

ठकू म्हणाली, "त्यो दुसऱ्या पुस्तकात आला असंल, काकी. इतकी पुस्तकं ऐकली, गल्लत हुती माणसाची."

काकींनी तबक पुढं केलं. ठकूनं मत दिलं. म्हणाली, "बाई टोपली घिऊन कामाला गेली, ते मला लई आवडलं. आधी कळलं असतं तर मी बी लवकर गेले असते." सगळ्या हसल्या. तिला विडा मिळाला. तिनं तो अर्धा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला.

त्याच आठवड्यात मी माहेरच्या चांदीच्या तोरड्या सोनाराकडं मोडल्या. ह्यांना सांगितलं, पायाला टोचतात. हे आणखी एक खोटं. पैसे रुमालात बांधून ठकूकडं नेले आणि तिच्या जात्याशेजारी ठेवले. ठकूनं रुमाल उचलून पाहिला. कशाचे, असं तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता आम्ही दोघी आळीपाळीनं वाचतो. एक दिवस ती, एक दिवस मी. माझा घसा बसला की ती गुळाचा खडा देते. तिच्या घरी आता तिची स्वतःची शेळी आहे, भाऊ तिला विचारल्याशिवाय काही करत नाही. ती सुखी दिसते. तशी मीही.

मी रुमाल ठेवला त्याच्या पुढच्याच मंगळवारी दत्तराव बाजाराला आला होता. धाकटी मुलगी खांद्यावर होती, थोरली चालत होती. ठकूनं तो रुमाल तसाच त्याच्या हातात दिला. मी जरा मागं, भाजीवालीच्या आडोशाला उभी होते. त्यानं गाठ सोडली, बोटानं रुपये सरकवून पाहिले आणि म्हणाला, "बराबर. आता काही राहिलं न्हाई."