दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी आयुष्यात कधी माप लिहून घेतलं नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा खांदा, छाती, बाही त्यांच्या डोक्यात बसलेली असे; टेप लावत ती केवळ त्याच्या समाधानासाठी. कापलेल्या तुकड्यांवर खडूने डावं-उजवं लिहिणारे शिंपी तर त्यांना बिलकुल खपत नसत. लेक दुकानात शिकायला बसली तेव्हा तिने एकदा तसं लिहिलं. मास्तर म्हणाले, पायांवरही लिहून ठेव, बूट घालताना बरं पडेल.

अशा या माणसाने बँकेतल्या साहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

कापड रेघांचं होतं. रेघा जुळवायच्या तर कापड एकेरी पसरावं लागतं. एक बाही कापली की बाहीच्या आकाराचा कापलेला कागद पालथा घालायचा, मग दुसरी. मास्तर कागद पालथा घालायला विसरले. साहेब सभ्य होते. त्यांनी फक्त विचारलं की ही नवीन फॅशन आहे का.

पार्किन्सन्सचं निदान होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे सगळ्यांनी हाताला दोष देऊन टाकला. पण हात बिचारा रिकामा असला की थरथरे. कात्री धरली की मुकाट्याने कामाला लागे. चुकलं होतं डोकं, आणि हे दोघांनाच कळलं होतं, मास्तरांना आणि लेकीला. लेकीने मोठी कात्री आपल्या खणात ठेवली आणि कुलूप घातलं. आजार कळला तेव्हा मास्तर जेवले होते. कुलूप लागलं त्या दिवशी जेवले नाहीत.

दवाखान्यात त्यांची परीक्षा झाली. घड्याळ काढा म्हटल्यावर त्यांनी हाताने असं गोल वर्तुळ काढलं की डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. आकडे मात्र सगळे उजव्या अंगाला दाटीवाटीने उभे. पाच शब्दांपैकी दोन आठवले. बाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा आणि जोडीला दम लागेल असा व्यायाम करा. कामाचा क्रम लावणं, लक्ष टिकवणं यात काहींना त्याचा फायदा होतो, हमी नाही. मास्तरांनी सांगितलं की चाळीस वर्षं ते पायाने मशीन मारतायत. बाईंनी विचारलं, कधी घाम आला का? मास्तर म्हणाले, घाम आला तर गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडतो.

घरी सल्ल्यांना ऊत आला. जिन्याच्या चार पायऱ्यांत धापा टाकणारे शेजारी धावण्याचे फायदे सांगून गेले. मेहुण्यांनी स्वतःची व्यायामाची सायकल मोठ्या मनाने देऊन टाकली. चार वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत होते. व्यायामाने मेंदू कसा तल्लख होतो हे त्यांनी खुर्चीत बसून अर्धा तास समजावलं, आणि निघताना चष्मा विसरले.

"तीन महिने सायकल मारा, बाबा," लेक म्हणाली. "मग कात्रीचं बघू."

घरात जागा नव्हती म्हणून सायकल दुकानात आली, कापायच्या टेबलासमोर. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा हुकूम होता की पाय चालवता चालवता शंभरपासून तीन-तीन कमी करत उलटं मोजायचं. मास्तर आधी लाजले, मग चिडले, मग मोजू लागले. गिऱ्हाइकं दारात थबकत. एक म्हातारे गृहस्थ एकदा आकडा शून्याजवळ आलेला बघून घाईघाईने बाहेर पडले.

तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा झाली. दोन गुण वाढले. मेहुण्यांनी त्याचं श्रेय सायकलीला, म्हणजे स्वतःला दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायामाने असेल, गोळ्यांनी असेल, किंवा प्रश्न ओळखीचे झाले असतील. दोन गुणांवर कोट कापता येत नाही हे लेकीला ठाऊक होतं आणि कुलूप तसंच राहिलं. मास्तरांना वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सायकलीवर बसले.

त्या आठवड्यात वकीलबाईंचा कोट कापायचा होता. कापड रेघांचं. एकीकडे फोन वाजत होता, एकीकडे गिऱ्हाईक उभं होतं. लेकीने पहिली बाही कापली, कागद उचलला, पुढच्या कापडावर ठेवला आणि कात्री उघडली.

"चौसष्ट, एकसष्ट," मास्तर धापा टाकत मोजत होते. "थांब. कागद पालथा घातला नाहीस. अठ्ठावन्न."

लेकीने खाली बघितलं. दोन्ही डाव्या झाल्या असत्या. ती टेबलाला वळसा घालून आली आणि कात्री त्यांच्यापुढे धरली.

"घ्या."

"सात मिनिटं राहिलीत," मास्तर म्हणाले.

सातही मिनिटं ती कात्री धरून उभी राहिली. फोन वाजून वाजून थांबला. मास्तर उतरले, घाम पुसला, उजवा हात पुढे केला. तो चांगलाच थरथरत होता. कात्री घेतली तसा शांत झाला. त्यांनी कागद पालथा घातला, रेघा जुळवल्या, दोनदा बघितलं. मग कात्री खाली ठेवली.

"आधी खडू दे," ते म्हणाले.

आणि लेकीकडे न बघता त्यांनी कापलेल्या बाहीवर लिहिलं डावी, कापायच्या बाहीवर उजवी. चांगलं मोठ्या अक्षरात.