ओला नव्हे, दमट

मास्तरीण आयुष्यात कधी कुणाला काही शिकवायला गेली नाही. इस्पितळाच्या लाँड्रीत ती इस्त्रीवर होती, एकवीस वर्षं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट. मास्तर होता तो तिचा नवरा, आणि तोही शाळेतला नव्हे, मोटार चालवायला शिकवणारा. पण गल्लीनं एकदा मास्तर म्हटलं की बायको मास्तरीण होणारच, तिला विचारतो कोण?

मास्तर भारी बोलका माणूस. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून नवशिक्यांशी बोलायचं आणि घरी आल्यावर बायकोशी, ती नसली तर गळक्या नळाशी. "क्लच सोडा ताई, क्लच, जीव नका सोडू," असं म्हणत त्यानं अर्ध्या गावाला गाडी शिकवली. आणि रोग नेमका त्याच्याच घशात निघाला. नशिबाला थट्टा करायला दुसरा माणूस मिळाला नाही का, असं मास्तरीण त्या दिवसांत दातओठ खात म्हणायची. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा आणि आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं.

ऑपरेशनच्या आधी वॉर्डातल्या नर्सनं एक शहाणपणाची गोष्ट सुचवली. रोज लागणारी वाक्यं फोनमध्ये भरून ठेवा, मग बोट दाबलं की फोन बोलेल. मास्तरनं नवा फोन घेतला आणि तीन दिवस स्वयंपाकघराचं दार लावून बसला. त्रेसष्ट वाक्यं भरली. पहिली दहाबारा शहाण्यासारखी: दुखतंय, पंखा लाव, डॉक्टरांना बोलव. मग मास्तरला चेव चढला. 'चष्मा तुझ्याच डोक्यावर आहे.' 'भाजी छान झालीय, कुणाकडून आणलीस?' 'आता भांडू नकोस, मला उलट बोलता येत नाही.' नुसतं 'अगं' त्यानं सात तऱ्हांनी भरलं होतं: लाडाचं, रागाचं, दमल्याचं, दाराबाहेर पाहुणे उभे आहेत असं दबक्या आवाजातलं.

त्या फोनवर त्यांचा संसार जवळजवळ वर्षभर नीट चालला. फोन दोरीनं गळ्यात, बोट सदा बटणावर. भांडणसुद्धा व्हायचं; ती चार वाक्यं बोलायची, तो शोधून शोधून एक दाबायचा, आणि तेवढ्यात तिचा राग निवून जायचा. वाक्यं दुसरीकडे उतरवून ठेवावीत हे दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आपला आवाज कुणी दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवतं का?

एका सकाळी फोन चार्ज होईना. दुपारपर्यंत काळा पडला तो पडलाच.

मास्तरीण आधी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेली. त्यानं बाहेरूनच मीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, चार्जिंगचा एक भाग गेलाय. या मॉडेलचे असे चार आलेत माझ्याकडे. तो भाग बदलला की फोन उठेल, आतलं सगळं शाबूत राहील. पण तो बाजारात मिळत नाही, कंपनीकडेच असतो. आणि वॉरंटी आहे ना? मग मी उघडत नाही, उगाच तुमचं नुकसान."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन ती पावणेदोन तास बसली. काउंटरवरच्या मुलीनं फोन आत नेला आणि परत आणला तेव्हा सोबत एक छापील कागद होता. दावा नामंजूर. कारण, पाण्याचा संपर्क.

"आत एक पांढरी पट्टी असते मॅडम, पाणी लागलं की गुलाबी होते. तुमची गुलाबी आहे."

"पाण्याचा थेंब लागलेला नाही त्याला."

"पट्टी खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

मुलीनं कागद तिच्यासमोर सरकवला. वाईट नव्हती ती, दिवसातून पन्नास जणांना हेच सांगून तिचा चेहरा सपाट झाला होता. पैसे घेऊन तरी भाग बदला, असं मास्तरीण म्हणाली. त्यावर उत्तर आलं की पाणी गेलेला फोन कंपनी हातातच घेत नाही. आत नवऱ्याचा आवाज आहे, असंही तिनं सांगितलं. मुलीनं कागदाच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं दाखवली: आतील माहितीची जबाबदारी ग्राहकाची. फोनात पाणी कधी शिरलं नव्हतं, पण फोनवर पाणी सोडायची वेळ आली होती.

घरी आल्यावर मास्तरनं वहीत लिहिलं, 'सोडून दे.' तिनं ते पान फाडून चुलीजवळच्या डब्यात टाकलं. "सोडते कशी? तुमचा आवाज तुम्हाला परत आणून देते की नाही बघा." हे ती बोलली, आणि पुढचे चार महिने हेच वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं.

कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळत होतं, पण कुठे, ते कळत नव्हतं. ते कळलं लाँड्रीत, वाफेत उभं असताना. ड्रायरमधून निघालेली चादर तिनं नेहमीप्रमाणे हातावर घेतली. मध्ये कोरडी, काठाला दमट. मास्तरच्या गळ्यातला फोन बरोबर त्या भोकासमोर लटकलेला असायचा. दिवसभर त्याचा श्वास त्यावर पडायचा, उबदार, ओलसर. ती हातातली चादर तशीच टेबलावर टाकून बाकावर बसली. नवऱ्याचाच श्वास त्याच्या आवाजावर उठला होता, आणि यावर हसावं की रडावं ते तिला समजेना.

तक्रार करायची तर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत. त्या कचेरीच्या जिन्याखाली एक अर्जवाला टेबल टाकून बसायचा. तीस वर्षं अर्ज लिहून त्याच्या बोटांना अर्जाची सवय झाली होती, माणूस समोर बसायच्या आत 'महोदय' लिहून व्हायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, भराभर टाइप केलं आणि शेवटची ओळ वाचून दाखवली: "तरी सदर फोन बदलून नवीन देण्यात यावा."

"मला नवीन नको हो. हाच दुरुस्त करून हवा."

अर्जवाला चष्म्यावरून तिच्याकडे बघत हसला. "बाई, इथं दुरुस्ती मागणाऱ्याला काहीच मिळत नाही. नवीन मागायचा, मग ते घासाघीस करतात आणि दुरुस्तीवर येतात. मोठं मागा, धाकटं पदरात पडतं. आणि त्या आवाजाचं आत काही काढू नका. रडगाणं लावलंत की समोरचा म्हणतो बाई भावनेच्या भरात आहे. मुद्द्याचं बोला."

त्याचं म्हणणं तिला पटलं. पटण्यासारखंच होतं, भाजीवालीकडे ती स्वतः रोज हेच करत होती. तिनं सही केली. अर्ज दाखल झाला तसा पुरावा म्हणून फोन पिशवीत घालून, लाखेचं सील लावून सर्व्हिस सेंटरकडे जमा झाला.

चार महिन्यांत मास्तर बदलला. आधी तो वहीत लांबलचक लिहायचा, विनोदसुद्धा. मग एकेक शब्द. मग नुसती मान. शिकवणी तर कधीच सुटली होती, आता दार वाजलं की तो आतल्या खोलीत जायचा. संध्याकाळी ती कामावरून आली की घरात दोन माणसं असायची आणि आवाज एकट्या भांड्यांचा. तिला त्याचा राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, मग ती पुन्हा म्हणायची, "तारीख लागलीय हो. आणतेच बघा."

सुनावणीला कंपनीकडून टाय लावलेला एक माणूस आला होता. त्यानं पट्टीचा मोठा रंगीत फोटो टेबलावर ठेवला. समोर अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, सर्दीनं बेजार. मास्तरणीनं टायवाल्याचं पाणी पहिल्या दोन वाक्यांतच जोखलं: ह्यानं आयुष्यात रुमालसुद्धा धुतलेला नाही.

"तुमच्या वॉरंटी कार्डावर काय लिहिलंय ते वाचा," ती म्हणाली.

त्यानं वाचलं, "फोन पाण्यात पडून अथवा भिजून ओला झाल्यास वॉरंटी लागू राहणार नाही."

"ओला. बरोबर?" तिनं पिशवीतून दोन नॅपकिन काढले. सकाळी लाँड्रीतून मागून आणले होते. एक पाण्यात बुडवून पिळलेला, एक नुसता वाफेवर धरलेला. "मॅडम, हात लावा. हा ओला, हा दमट. आमच्याकडे ओलं आणि दमट यात गल्लत केली तर मुकादम घरी बसवतो. ओलं कापड इस्त्रीखाली घातलं तर चर्र करतं, दमट घातलं तर सरळ होतं. भिजलेली वस्तू सगळीच भिजते, ती काठ बघून भिजत नाही. आता ह्यांचा फोटो बघा. पट्टी काठाला गुलाबी, मध्ये पांढरीफेक. ही भिजलेली नाही, दमट झालेली आहे."

अधिकारी बाईंनी फोटो जवळ ओढला.

"कशानं दमट झाली?" टायवाल्यानं विचारलं.

"श्वासानं. माझे मालक गळ्यातून श्वास घेतात, फोन गळ्यात असतो. माणसाच्या श्वासानं तुमचा फोन मरत असेल तर खोक्यावर तसं छापा, श्वास घेणाऱ्यांनी विकत घेऊ नये म्हणून."

अधिकारी बाई खोकल्या की हसल्या ते कळलं नाही. त्याच मॉडेलचे असेच बंद पडलेले आणखी किती, हे त्यांनी टायवाल्याला विचारलं तेव्हा तो फायली चाळायला लागला. वीस मिनिटांत निकाल लागला. दमट म्हणजे ओला नव्हे, कंपनीचं कारण फेटाळण्यात येत आहे.

टायवाला उठून उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "कंपनी ग्राहकाचा पूर्ण मान राखते. अर्जदारांनी मागितल्याप्रमाणे आम्ही बदलून नवीन फोन देतो." घासाघीस त्यानं केलीच नाही. एवढ्या पटकन हरणारा माणूस अर्जवाल्यानं तीस वर्षांत पाहिला नसावा.

"समाधान आहे ना?" अधिकारी बाईंनी विचारलं.

तिथं तिनं तोंड उघडायला हवं होतं. वीस मिनिटं ती पोपटासारखी बोलली होती, आणखी एक वाक्य बोलली असती तर सगळं वाचलं असतं. पण जिंकल्याची एक झिंग असते, आणि लाँड्रीतल्या बाईला ती आयुष्यात पहिल्यांदाच चढली होती. तिला वाटलं, नवीन देतात तर देऊ देत, जुना आपलाच आहे, तो मागून घेऊ आणि त्यांच्याकडूनच भाग बसवून घेऊ. ती म्हणाली, "हो."

आठ दिवसांनी काउंटरवरच्या त्याच मुलीनं तिच्यासमोर नवं खोकं ठेवलं आणि सहीसाठी वही पुढे केली. या वेळी मुलगी चक्क हसली. "अभिनंदन मॅडम. आमच्याकडे असं कुणी जिंकत नाही."

"आणि जुना?"

"जुना नाही मिळत. बदलून दिला की जुना कंपनीचा होतो."

"मग त्यात तो भाग बसवा, आतलं काढून घेते आणि फोन तुम्हाला परत देते. एक दिवस द्या फक्त."

मुलीनं संगणकात पाहिलं. तिचा चेहरा पहिल्यांदाच सपाट राहिला नाही. "आदेश आला त्याच दिवशी गेला तो. यंत्रात घालून चिरडतात. तुमची खाजगी माहिती दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून. तुमच्याच काळजीपोटी असतं ते, मॅडम."

मास्तरणीनं खोकं उचललं. मागच्या माणसाचं टोकन पुकारलं गेलं तशी ती बाजूला झाली. बाहेरच्या पायरीवर बसून ती आपल्या सहीला शिव्या घालत राहिली, अर्जवाल्याला, टायवाल्याला, आणि सगळ्यांत जास्त त्या 'हो'ला. 'सोडून दे' म्हणणाऱ्याचं ऐकलं असतं तर फोन निदान कपाटात मेलेला तरी राहिला असता. उद्या-परवा तो भाग कुठेतरी मिळालाही असता. तिनं भांडून, पुरावे देऊन, सगळ्यांची बोलती बंद करून तो चिरडवून घेतला होता. हे तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्यावर कसलीही मलमपट्टी करण्यासारखी नव्हती.

घरी मास्तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसला होता. तिच्या हातातलं खोकं बघून तो उठला. खोकं त्यानंच उघडलं. फोन नवा आहे हे त्याला क्षणात कळलं, तरी त्यानं तो सुरू केला, भाषा निवडली, आणि रिकाम्या पडद्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"बदलून मिळाला," ती म्हणाली. "मीच मागितला होता हो. तसं लिहिलं होतं अर्जात."

त्यानं वही ओढली आणि कित्येक दिवसांनी पूर्ण वाक्य लिहिलं. 'म्हणजे तू जिंकलीस.'

"हो."

मास्तरनं पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याचे ओठ हलले, सवयीनं, बोलणाऱ्या माणसासारखे, आणि गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला. तो काय म्हणाला ते डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला वाचता आलं नाही, आणि पुन्हा म्हणा असं सांगायचा तिला धीर झाला नाही.