लोहाराचं दुसरं सोंग

पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे जहन्नम, असा अम्मीचा सरळ हिशेब होता. त्यामुळे नागपूरच्या मामूच्या मुलाने कंटाळून टाकलेला पत्त्यांचा डबा मी उन्हाळ्याच्या सुट्टीतून घाटंजीला आणला, तेव्हा त्याला घरात जागा मिळाली नाही. घराच्या पुढच्या अंगाला अब्बांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं, मध्ये फक्त एक पडदा. डबा पडद्याच्या पलीकडे दुकानात राहिला. "ये पत्ते नहीं हैं, तस्वीरें हैं," अब्बांनी तिला समजावून पाहिलं. अम्मी म्हणाली, "तो तस्वीरें दुकान में लगाओ."

तस्वीरीच होत्या खऱ्या. राजा, बदाम, किलवर काही नाही. राक्षस, जादूगार, उडणारे घोडे, एक अजगर, आणि प्रत्येक पानावर बारीक इंग्रजीत दोन ओळी. वर डावीकडे त्या पानाचा वार, उजवीकडे त्याचा जीव. आपलं पान समोर उतरवायचं, दुसऱ्याच्या पानावर वार करायचा, जीव संपला की ते पान बाद. पण मला त्या खेळाचं वेड लागलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. काही पात्रांची एकापेक्षा जास्त पानं होती. नाव तेच, चेहरा तोच, पण एका पानात तो तरुण, दुसऱ्यात हत्यारबंद, तिसऱ्यात म्हातारा, आणि प्रत्येकाची ताकद निराळी. त्याला काय म्हणायचं ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. अब्बांनी पानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "सोंगं व्हय हे. एकाच मान्साचे सोंगं." तेव्हापासून आम्ही सोंगंच म्हणू लागलो.

मी बारा वर्षांची होते आणि हरणं मला अजिबात खपायचं नाही. माझ्याशी खेळायला कोणी टिकायचं नाही. अब्बा टिकले, कारण त्यांना वेळ होता.

त्यांना वेळ असणं ही काही चांगली गोष्ट नव्हती. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, विहिरी तळाला गेलेल्या, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी. जळलेली मोटर शेतकरी टेम्पोत टाकून आणायचा, अब्बा तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची भरायचे, आणि मग ती न्यायला कोणी यायचंच नाही. दुकानाच्या भिंतीला लागून दुरुस्त मोटरी ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव लिहिलेलं. विकून टाका, असं लोक म्हणायचे. अब्बा म्हणायचे, अमानत आहे. काही जण येणारच नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. अशा एखाद्याच्या घरी दुखवट्याला बसून आले की अब्बा त्या दिवशी जेवायचे नाहीत, आणि अम्मीही ताट घेऊन मागे लागायची नाही.

दुपारी लाइट जायची ती चार-चार तास. मग अब्बा दुकानाच्या दाराशी उजेडात पोतं अंथरायचे आणि म्हणायचे, "आन तुहे सोंगं." घरात आम्ही हिंदी बोलायचो, दुकानात मात्र अब्बा माझ्याशीही वऱ्हाडीच बोलत, गिऱ्हाइकाशी बोलावं तसे. एकदा एका तांड्यावरचे काका बैलगाडी थांबवून आत डोकावले. "काय मिस्त्री, पोरीसंगं तीनपानी खेळून राह्यले का?" अब्बा पानं छातीशी धरून म्हणाले, "तीनपानीत मान्साले काही समजा लागते का? हे अवघड काम हाय." ते काका बराच वेळ उभे राहून पाहत होते आणि त्यांना काही म्हणता काही कळलं नाही.

अब्बांचं आवडतं पात्र होतं लोहार. त्याची दोन सोंगं आमच्याकडे होती. पहिल्या पानात तो ऐरणीपाशी उघडाबंब उभा. वार नावापुरता, पण दर बारीला तो शेजारच्या एका जखमी पानाचा गेलेला जीव भरून द्यायचा. दुसऱ्या सोंगात तोच लोहार राजाचा शिपाई झालेला. अंगात चिलखत, हातात भाला, वार जबरदस्त, जीव दांडगा. पण तो दुरुस्ती करायचा नाही. शिपाई थेट उतरवता येत नसे. लोहार समोर असला तरच त्याच्यावर ठेवायचा.

आता या दोघांना खेळायचं कसं, यावर मी फार विचार केला होता. शाळेच्या अभ्यासाचा तेवढा केला असता तर बरं झालं असतं, असं अम्मी म्हणायची. लोहार लवकर उतरवायचा, पहिल्या-दुसऱ्या बारीतच. त्याच्या आधाराने बाकीची पानं उभी राहतात. समोरच्याला लोहार किरकोळ वाटतो, तो आपले मोठे वार दुसरीकडे घालवतो. मग त्याच्या लक्षात येतं की मारलेलं सगळं हा लोहार पुन्हा उभं करतोय, आणि तो लोहारावर उलटतो. तिथे शिपाई वर ठेवायचा. पण नेमका कधी? लोहार धडधाकट असताना ठेवला तर दुरुस्ती फुकट घालवली. अगदी शेवटच्या धुगधुगीपर्यंत थांबलात तर अजगर येतो आणि एका वारात सगळं संपवतो. लोहार अजून एक बारी नक्की काढेल असं ज्या क्षणी वाटतं, तीच त्याला बदलायची वेळ. हे मी अब्बांना इतक्यांदा सांगितलं होतं की माझाच घसा सुकायचा.

अब्बा ऐकायचे, मान डोलवायचे, आणि ऐन वेळी तेच करायचे.

"अब्बा, आता बदला. शिपाई तुमच्या हातातच आहे, मले दिसून राह्यला."

"टिकते थो. अजून एक बारी टिकते."

"नाही टिकत!"

"थ्या शिपायाले पाना-हातोडा धरता येते का? मंग दुरुस्ती कोन करन?"

मी अजगर टाकायचे. लोहार मरायचा. आणि आमच्या नियमाप्रमाणे पात्राचं एक सोंग मेलं की त्याची उरलेली सोंगंही गेली. अब्बांच्या हातातला तो धिप्पाड शिपाई न लढताच बाद व्हायचा. मला जिंकल्याचा आनंद कमी आणि त्यांचा राग जास्त यायचा. इतका हुशार माणूस, बंद मोटरीला नुसता कान लावून तिचं दुखणं सांगणारा, आणि पत्त्यांत इतका भोळा कसा?

हा नियम मुळात माझा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पुण्याला शिकत असताना मैत्रिणींच्या खोलीवर तेच पत्ते निघाले. मी मोठ्या तोऱ्यात नियम सांगू लागले तर त्या हसायलाच लागल्या. खऱ्या खेळात एक सोंग मेलं तरी पुढच्या बारीला दुसरं खुशाल उतरवता येतं. नियमांच्या कागदावरच्या 'अनलेस' या शब्दाचा अर्थ मी शाळेच्या डिक्शनरीतून नेमका उलटा लावला होता. त्यांच्याबरोबर मी त्यांच्या नियमाने खेळले, पण मजा आली नाही. सोंग वाचवायची घाईच नाही, मेलं तर मेलं, पुढचं आहेच. आमच्या भागात तेव्हा जे चाललं होतं त्याला माझा चुकीचा नियमच बरोबर लागू पडत होता. मेल्यावर दुसरं सोंग तिथे कोणाला मिळत नव्हतं.

आम्ही पत्ते खेळायचो त्या वर्षी मामूने एक बोलणं काढलं होतं. नागपुरात त्याचं इन्व्हर्टरचं दुकान होतं. सगळीकडे लाइट जात असल्यामुळे ते जोरात चाललं होतं. अब्बांनी यावं, फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर बसवून द्यावेत, त्याच्याच घरी वरच्या मजल्यावर राहावं. अम्मीला जायचं होतं. ती ते लपवत नव्हती. मला जायचं नव्हतं. माझी शाळा इथे, मैत्रिणी इथे, गुरुवारच्या बाजारात मला नावाने ओळखून चिंच हातावर ठेवणारी म्हातारी इथे. नागपुरात मी मामूच्या मुलांसाठी गावची पोरगी होते आणि तिथे त्यांचे जुने कपडे घालणं मला आवडत नव्हतं. अब्बा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मामूचा फोन दर शुक्रवारी नमाजनंतर यायचा आणि अम्मी सांगायची, सोच रहे हैं.

त्याच सुमारास भिंतीजवळच्या मोटरी कमी होऊ लागल्या. बाजाराला आलेल्या रिकाम्या गाडीत अब्बा एखादी मोटर चढवून द्यायचे, गाडीवाल्याला गावाचं नाव सांगायचे, "घरी नेऊन दे, पैशाचं जेव्हा जमन तेव्हा पाहू" म्हणायचे. मला वाटलं, धंद्याला बरकत आली. मी ते मैत्रिणीला सांगितलंही. लोक मोटरी नेऊ लागले, आता आम्ही कुठे जात नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी आम्ही पोत्यावर बसलो होतो. लाइट गेलेली. अम्मी पडद्यापाशी आली. पत्ते चालू असताना ती कधी तिथे थांबायची नाही, त्या दिवशी थांबली.

"भाईजान का फोन आएगा अभी. क्या बोलूँ?"

"ये बाजी हो जाने दो," अब्बा म्हणाले.

मी लगेच मनाशी ठरवून टाकलं की मी जिंकले तर आपण राहणार. असं कोणी म्हटलं नव्हतं, पण माझ्यापुरतं ते पक्कं झालं. आणि जिंकणं काही कठीण नव्हतं. अब्बांचा लोहार समोर होता. माझ्या एका लांडग्याने त्याला जरासा ओरखडा काढला होता, एवढंच. अजगर माझ्या हातात होता. मला आणखी दोन वार करायचे होते, आणि अब्बा तोवर वाट पाहणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. त्यांचा लोहार अजून एक बारी नक्की काढण्यासारखा होता.

अब्बांनी हातातून शिपाई काढला. लगेच ठेवला नाही. पान बोटांत धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता ठेवला तं चालते ना? मेला नाही थो अजून."

नियमांचा कागद केव्हाच घड्यांवर फाटून गेला होता. नियम म्हणजे मी होते. मी म्हटलं असतं की या बारीला नाही, आधी लोहाराला दोन वार करावे लागतात, तर अब्बांनी निमूट पान परत घेतलं असतं. माझ्या शब्दावर त्यांनी कधी वाद घातला नव्हता. तोवर लोहार गेला असता, त्याच्याबरोबर शिपाईही.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही म्हणून भिंतीकडे पाहिलं. मोटरींच्या जागी फरशीवर तेलाचे काळे गोल उरले होते. एकही मोटर नव्हती. कोणी न्यायला आलं नव्हतं. अब्बांनीच एकेकाची अमानत घरपोच केली होती. महिनाभर ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी त्याला बरकत समजत होते. मला रडू फुटणार होतं, आणि रागही आला होता, कारण ही चाल त्यांना मीच शिकवली होती. वर्षभर घसा सुकवून शिकवली होती. आणि ते पहिल्यांदा ती बरोबर खेळत होते, अगदी नेमक्या वेळी, याचा अभिमानही वाटत होता. तिन्ही एकदम वाटत होतं.

"सांग ना बेटा. चालते का नाही?"

"चालते," मी म्हणाले.

त्यांनी शिपाई लोहारावर ठेवला. तेवढ्यात आत फोन वाजला. अम्मी वळायच्या आत अब्बा उठले, पडदा सारून गेले, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, "हाँ भाईजान. आ रहे हैं हम लोग."

अम्मी तिथेच उभी होती. मग ती खाली पोत्यावर माझ्याजवळ बसली, पत्त्यांच्या इतक्या जवळ की तिच्या ओढणीने दोन पानं सरकली. मी तोंड फिरवून रडत होते. तिने माझी हनुवटी धरून मला आपल्याकडे वळवलं.

"हार गई क्या?"

बाजी अजून संपली नव्हती. अजगर माझ्या हातात होता.

"हाँ," मी म्हणाले.