परीचे सँडल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही कायद्याच्या दुसऱ्याच वर्षाला. एवढ्याशा शिदोरीवर लिहायला बसलो, याबद्दल क्षमा असावी.

कौटुंबिक न्यायालयात मुलांना भेटण्याची एक खोली आहे. मी तिथे शिकायला जातो. दर शनिवारी सात वर्षांची परी आईबरोबर यायची आणि दोन तास वडिलांना भेटायची. आल्या आल्या वडील तिचे सँडल काढून आपण आणलेले घालत. निघताना आई ते काढून दाराबाहेर भिरकावायची.

“उचला तुमचं खेटर.”

“मुलगी माझीही आहे, कळलं?”

“ते जजसाहेबांना सांगा.”

परी मात्र कुणाकडे न बघता आपणहून पाय पुढे करायची.

आमच्या पुस्तकात ‘मुलाचं हित सर्वांत आधी’ असं ठळक छापलंय. त्या खोलीत मला ते कुठेच दिसलं नाही. खरं सांगतो, मला त्या दोघांचाही संताप येतो.

गेले तीन शनिवार ती आली नाही. काल समुपदेशक बाईंकडून कळलं, अखेर दोघांचं एकमत झालं. परी वडिलांकडे नको, आईकडेही नको. तिला लांबच्या निवासी शाळेत घातलंय. तिथे सगळ्यांना काळे बूट असतात.