यादीचा शनिवार

“पाय नका बघू. हात बघा.”

टीव्हीवर मॅच चालू असताना असं म्हणून कोच हातात असेल ती वस्तू दोन्ही हातांनी पोटासमोर धरायचे आणि मग एका हाताने अलगद स्वतःच्या पावलावर सोडायचे. लिंबू, टीव्हीचा रिमोट, एकदा तर आमच्या सावंतांचा चष्मा. लाथ मारायचे नाहीत. सत्तावन्नाव्या वर्षी तेवढं भान होतं. फक्त सोडायचे. “चेंडू नीट सोडला तर पाय आपलं काम करतो. ह्याचा हात बघा, कापतोय. गेला हा. काढा त्याला.” भाजी निवडताना किडकं पान बाजूला टाकावं, इतक्या सहज ते एखाद्याला काढून टाकत.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना कोचच म्हणायचो. कतारमधल्या लुसैलच्या एका कामावर ते आणि मी प्लॅनिंगमध्ये होतो. म्हणजे कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपेल ते कागदावर ठरवायचं, आणि ते तसं झालं नाही की शिव्या खायच्या. कोच मूळचे नाशिकचे. मध्ये सात वर्षं मेलबर्नला नोकरी केली आणि तिथून एक जाड रेनकोट आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल घेऊन आले. कतारमध्ये दोन्हीचा कुणाला उपयोग नव्हता.

हा खेळ तुम्ही बहुधा पाहिलेला नसेल. चेंडू लांबट. मैदान क्रिकेटचं. दोन्हीकडे अठरा-अठरा उघड्या दंडांचे गडी, आणि टोकाला चार खांब. चेंडू घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही. लाथेने उडवायचा किंवा मुठीने मारायचा. वर्ल्ड कप जवळ येत होता, अख्खा देश गोल चेंडूच्या तयारीला लागला होता, आणि आम्ही तिघे दर शनिवारी सकाळी सातला अल गराफ्यात कोचच्या फ्लॅटवर हा लांबट चेंडू बघत पोहे खात बसायचो. तिकडे तेव्हा दुपार असते. तिसरे सावंत, रत्नागिरीचे, साइटवर सेफ्टीला होते. ते मुख्यतः पोह्यांसाठी यायचे.

कोचच्या लाडक्या संघात तेहेतीस वर्षांचा एक गडी होता. त्याच्यावरून सगळा मोसम वाद चालला.

“गुडघा बघा त्याचा. वळायला ट्रकएवढी जागा लागते.”

“अहो, तेरा वर्षं खेळलाय तो,” सावंत म्हणायचे. “अजून एक वर्ष द्या की.”

“तेरा वर्षांच्या टाळ्या मिळाल्या ना? त्याच्या जागी अठरा वर्षांचं पोर येईल. दया करायची तर देवळाबाहेर बसलेल्यांवर करा, संघावर करू नका.”

मी कोचच्या बाजूने असायचो. मला त्यांचा हा निर्दयपणा आवडायचा, हे आधीच कबूल करतो. ऑफिसात दिवसभर गोड बोलून आंबलेल्या माणसाला शनिवारी सकाळी कुणीतरी खरं बोलताना ऐकलं की बरं वाटतं. फक्त ते खरं दुसऱ्याबद्दल असावं लागतं.

माणसांशीही ते तसेच वागायचे. एका वर्षी गणपतीत एका घरी उकडीचे मोदक होते. सगळे वाहवा करत होते. कोचनी मोदक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “वहिनी, उकड छान. पण कळ्या पाडताना तुमचा अंगठा घाई करतो.” मोदक फुटले होते हे खरं, पण आम्ही फुटलेले मोदक मुकाट्याने खाल्ले होते. पुढच्या वर्षी कोचना बोलावणं आलं नाही. सावंत ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा कोच त्यांना म्हणाले, “तुम्ही शिकू नका. टॅक्सी करा.” सावंत महिनाभर फिरकले नाहीत. मग पोह्यांची आठवण झाली असावी.

लाडक्या संघाचा मोसम संपला की पुढचा शनिवार यादीचा. तिकडे प्रत्येक क्लब वर्षअखेर काही खेळाडू काढतो आणि नवी पोरं भरती करतो. कोचनी त्याचा घरगुती विधीच केला होता. प्रत्येकाने काढायचं एक नाव द्यायचं. गप्प बसायची सोय नव्हती. कारण एका ओळीत लिहायचं, आणि ओळ अशी हवी की तो खेळाडू समोर बसला असता तर त्याच्या तोंडावर वाचता आली पाहिजे. सावंत दरवर्षी म्हणायचे, “मी कुणाच्या पोटावर पाय देणार नाही.” कोच दरवर्षी त्यांच्यापुढची बशी उचलून न्यायचे. मग सावंत कुणाचंतरी नाव द्यायचे. माझी ओळ मात्र नेहमी पहिल्या फटक्यात पसंत पडायची. “ह्याला डोळा आहे,” कोच म्हणायचे, आणि एकेचाळीस वर्षांचा मी शाळेत पहिला नंबर आल्यासारखा खूश व्हायचो.

मॅच संपली की त्यांचा फोन वाजायचा. मेलबर्नहून मुलगा. कोच फोन घेऊन गॅलरीत जायचे, जुलैतसुद्धा, आणि घामाने भिजून दहा मिनिटांनी परत यायचे. आम्हाला आतून ऐकू यायचं ते एवढंच: डावा पाय, गुडघा, ह्याला ठेवा, त्याला काढा. कसा आहेस, जेवलास का, आई कशी आहे, यातलं काही नाही.

एकदा साइटवरून परतताना गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. मेलबर्नचं काम संपलं तेव्हा ते एकटेच कतारला आले. बायको आणि मुलगा तिकडेच राहिले. पुढे घटस्फोट झाला. “दुसरं काही विचारलं की पोरगा म्हणतो, आईला विचारा. फुटबॉलचं विचारलं की बोलतो.”

“तो खेळायचा का?”

“लहानपणी. दोन हिवाळे मी कुंपणाला उभा राहून त्याचा हात बघितला. दर लाथेला ओरडायचो. चौदाव्या वर्षी त्याने सोडलं.” मग सिग्नल लागला. सुटल्यावर म्हणाले, “तोंडाकडे बघायला हवं होतं मी.”

त्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाचा गोल चेंडूवाला संघ वर्ल्ड कपला पात्र ठरला. मुलाने नोव्हेंबरातल्या तीन मॅचची तिकिटं काढली. हॉटेलचे भाव आभाळाला भिडले होते. त्याने बापाला विचारलं, तुमच्याकडे फ्लॅट आहे ना? सहा वर्षांनी भेटणार होता.

“हॉटेल परवडलं असतं तर आला नसता,” कोच म्हणाले. सांगताना मात्र तोंडभर हसत होते. त्यांनी पलंग घेतला. पडदे बदलले. माझ्या बायकोला विचारून वरणफळांची कृती लिहून घेतली, कारण पोराला लहानपणी ती आवडायची. आणि ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही पूल आणि रस्ते आखायचो, त्यावर त्यांनी मुलाच्या नऊ दिवसांचं वेळापत्रक तयार केलं. विमान, जेवण, मॅच, विश्रांती. विमान चार तास उशिरा आलं तर काय काय सरकेल तेसुद्धा. एकाच कामात गाळलेली जागा होती: ‘बोलणं’. त्याला किती वेळ लागेल ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

आता माझ्याकडे येतो. त्या वर्षी कोचचं काम घसरलं होतं. पूर्वी जे दहा मिनिटांत सोडवायचे त्यावर अर्धा दिवस बसायचे. दोनदा जुनाच आराखडा क्लायंटकडे गेला. दोन्ही वेळा मी कुणाला न सांगता दुरुस्त केला. सांगितलं नाही याचा मला अभिमान होता, आणि दुरुस्त करावा लागला याचा राग.

ऑगस्टअखेर काम हातावेगळं झालं. आमच्या विभागप्रमुखाने, सभ्य स्कॉटिश माणसाने, आम्हाला वेगवेगळं बोलावलं. वर्ल्ड कप संपेपर्यंत प्लॅनिंगमध्ये बहुधा एकच माणूस ठेवता येईल, म्हणाला. तुम्ही दोघं एकमेकांबद्दल गुप्तपणे लिहून द्या. हा कागद सगळ्या विभागांत फिरत होता.

आदल्या दिवशीच यादीचा शनिवार झाला होता. मी त्या तेहेतीस वर्षांच्या गड्याचं नाव दिलं होतं आणि कोचनी माझी पाठ थोपटली होती. रविवारी, तिकडच्या कामाच्या पहिल्या दिवशी, मी कागदावर लिहिलं: “अनुभव दांडगा, पण वेग गेला आहे.” मला मुलाचं येणं माहीत होतं. पलंग चढवायला मीच हात लावला होता. माझीही नोकरी होती, मुलगी दहावीत होती, हे सगळं खरं. पण भीतीने लिहिलं असं म्हणून सुटता येणार नाही. मला ते वाक्य बरोबर वाटलं. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि मला ते आवडलं.

दोन दिवसांनी साहेबाने बोलावलं. कोचचा कागद त्याच्यासमोर होता. त्यावर लिहिलं होतं: “ह्या वर्षी तो माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याला ठेवा.”

“तुम्ही दोघांनी ठरवून लिहिलंत?” त्याने विचारलं.

“नाही.”

“माझं काम फार सोपं केलंत तुम्ही.”

शेजारच्या विभागात दोघांनी एकमेकांची आरती ओवाळली होती. हा गेला तर काम बंद पडेल, असं दोघांनीही लिहिलं. साहेबाला दोघांतून निवडता येईना, म्हणून दोघेही डिसेंबरपर्यंत राहिले. कंपनीच्या सगळ्या इमारतीत त्या कागदावर खरं लिहिणारे आम्ही दोघेच निघालो, आणि ती सवय आम्हाला शनिवारी पोहे खाताना लागली होती.

कोच माझ्या टेबलापाशी आले. “तू काय लिहिलंस?”

तोंडावर वाचता आलं पाहिजे, हा नियम त्यांचाच. मी वाचलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “‘वेग गेला’ अपुरं आहे,” ते म्हणाले. “वेग कशातला? ‘निर्णय घ्यायला वेळ लागतो’ असं हवं होतं. पण नाव बरोबर दिलंस. तुझ्या जागी मीही हेच दिलं असतं.” मग म्हणाले, “नोव्हेंबरपर्यंत ढकलता आलं असतं तर... जाऊ दे. खलास.”

मी साहेबाकडे जाऊन एक शब्द टाकू शकलो असतो. शेजारच्या विभागाचं उदाहरण समोर होतं. मी गेलो नाही. कोचचीच शिकवण, असं मी स्वतःला सांगितलं.

ऑक्टोबरात त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि फ्लॅट कंपनीने परत घेतला. स्पर्धेच्या दिवसांत पाहुणा म्हणून आत यायचं तर मॅचचं तिकीट हवं होतं. कोचनी खूप खटपट केली, मिळालं नाही. जाताना त्यांनी मला वेळापत्रकाचा छापील कागद दिला. जबाबदार व्यक्ती या रकान्यात नऊच्या नऊ दिवस स्वतःचं नाव खोडून माझं लिहिलं होतं. “तुझ्याकडे राहील तो. वरणफळांत गूळ कमी घाल.”

विमानतळावर सोडायला सावंत आणि मी गेलो होतो. परतताना सावंतांनी विचारलं, “तुम्ही काय लिहिलंत?” मी सांगितलं. ते माझ्या गाडीतून मध्येच उतरले, टॅक्सी केली, आणि त्यानंतर कधी माझ्या घरी आले नाहीत.

मुलगा आला. सव्वीस वर्षांचा, कोचसारखाच रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. स्पर्धेसाठी शाळा बंद होत्या म्हणून बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या होत्या. तो मुलीच्या खोलीत झोपायचा. माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. कागदावरचा एकूण एक चौकोन मी पाळला. वरणफळं त्याने दोनदा मागून घेतली.

शेवटच्या दिवशी नाशिकहून फोन आला. त्याच आठवड्यात तिकडे क्लबांनी नवी पोरं भरती केली होती. बापलेक दहा मिनिटं एका अठरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताबद्दल बोलले. फोन ठेवल्यावर मी सहज म्हणालो, “तुलाही फार नाद आहे या खेळाचा.”

“तीन वर्षांत त्याची एकही मॅच पाहिली नाही मी,” तो म्हणाला. “फोन करायच्या आधी बातम्या वाचतो.” मग त्याने विचारलं, “बाबा कामात कसे होते?”

“फार चांगले. मी त्यांच्याकडूनच शिकलो.”

“त्यांना काढा असं तुम्ही लिहिलंत ना?”

नऊ दिवस हा मुलगा माझ्या घरी जेवला, झोपला, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“बाबांनीच सांगितलं. त्यांचा राग नाही तुमच्यावर. म्हणाले, बरोबर लिहिलं. म्हणाले, तुझ्यावर वेळ आली असती तर तूही हेच लिहायला हवं होतंस.”

त्याने बॅगेची चेन लावली. मग एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाला, “मी नसतं लिहिलं, काका.”

हे वाक्य कोचना त्याच दिवशी कळवायला हवं होतं. मुलाकडून बापासाठी फुटबॉलबाहेरचं एवढं एकच वाक्य निघालं होतं, आणि ते माझ्यापाशी येऊन पडलं. पण ते सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही त्यांच्या मुलाच्या तोंडून पुन्हा ऐकवायचं. मला लाज वाटली. आज लिहितानाही वाटते आहे. कोच नाशिकलाच असतात, नंबर माझ्याकडे आहे, आणि मी त्यांना अजून कळवलेलं नाही.